सीडी राहिली, लॉक गेलं

जुना कॉम्प्युटर दुरुस्त करायला बोलावलेल्या माणसाने मला फसवलं, त्यात एकूण १४,५०० रुपये गेले. हिशोब आधी मांडतो, कारण चौकीत तो मी तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा कुणी लिहून घेतला नाही. व्हिजिट ५००, रोख. जुनी ८० जीबीची आयडीई हार्ड डिस्क १,८००, रोख. 'ओरिजिनल सीडी' ६,५००, यूपीआय. जुन्या विंडोजचं 'एक्सपी लायसन्स रिन्यूअल' ४,२००, यूपीआय. आणि 'लॉक जमा करायची फी' १,५००, रोख. लॉक म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे लावायचा तो तुकडा, ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. हा शेवटचा आकडा लिहिताना अजूनही हात थांबतो. माझी वस्तू माझ्याच दुकानातून उचलून नेण्याचे त्याने पैसे घेतले आणि मी ते मोजून दिले.

नारायण पेठेत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम १९९६ पासून चालू आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. विंडोज ९५ पासून सीडीवरून सॉफ्टवेअर टाकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. तेव्हा "म्हाताऱ्या माणसाला कॉम्प्युटरमधलं काय कळणार" असं जे माझ्या तोंडावर म्हणाले, त्यांना सांगतो, मला कळतं. कळत असून फसलो, म्हणून तर लिहितोय.

इतका जुना कॉम्प्युटर ठेवलाच कशाला, असंही सगळे विचारतात. ज्यांच्याकडे वीस वर्षांच्या फाइली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये पडल्या आहेत, ते हा प्रश्न विचारणार नाहीत. ती फाइल नव्या मशीनवर उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच पडतो. कन्व्हर्टर वापरून पाहिले. रफार भलत्या अक्षरावर जातो, जोडाक्षरं फुटतात, ओळी सरकतात आणि ६४ पानांचा अहवाल पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो. मराठी फॉन्टचं ते सॉफ्टवेअर मी २००६ मध्ये विकत घेतलं, पक्क्या बिलाने. सोबत सीडी आणि कॅबिनेटच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं २५ पिनचं लॉक. लॉक असेल तरच सॉफ्टवेअर चालणार. आमच्या धंद्यात सीडीच्या कॉप्या कितीही निघायच्या, लॉकची कॉपी सहजासहजी निघत नव्हती. लायसन्स म्हणजे तेच.

गणपतीला तीन आठवडे उरले होते. एका रात्री वीज चार-पाचदा गेली-आली आणि सकाळी हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली. डेटा दुसरीकडे होता, त्याची चिंता नव्हती. पण विंडोज गेलं, फॉन्टचं सॉफ्टवेअर गेलं. मंडळाचा अहवाल हातात, जाहिरातदारांची पानं अर्धवट, चिटणीसांचे दिवसातून दोन फोन. एरवी मी स्वतः बसून सगळं टाकलं असतं. पण या जुन्या मशीनला लागणारी आयडीई डिस्क मिळेना. तपकीर गल्लीत दोन दुकानांत विचारलं, दोघांनीही सरळ सांगितलं की हा माल आता येत नाही. मग ओळखीच्या एका कागदवाल्याने हा नंबर दिला. 'जुने कॉम्प्युटर, डॉस, ९८, एक्सपी, सर्व कामे घरपोच.'

फोनवर त्याचा पहिला प्रश्न होता, "काका, लॉक आहे का अजून तुमच्याकडे?" मला बरं वाटलं. म्हटलं, चला, लॉक म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस भेटला. डिस्क किती जीबीची, रॅम किती, यातलं काही त्याने विचारलं नाही. जो माणूस बिघाडाच्या आधी लॉकची चौकशी करतो, त्याला दारात उभं करू नका.

तिशीतला मुलगा, गळ्यात ओळखपत्र, बोलायला अदबशीर. आल्या आल्या हिला "वहिनी, थोडं पाणी द्या" म्हणाला. डिस्क बदलली, स्वतःची एक्सपीची सीडी घातली, निळ्या पडद्यावर एफ-८ दाबलं, पार्टिशन केलं. ३९ मिनिटं बाकी, असं दाखवणारा तो पडदा आला तेव्हा आम्ही चहा घेतला. प्रॉडक्ट की, म्हणजे लायसन्सचा नंबर, विचारणारी चौकट आल्यावर त्याने पंचवीसच्या पंचवीस अक्षरं न बघता टाइप केली. माझ्या कॅबिनेटवर माझ्या स्वतःच्या कीचं स्टिकर आहे. मी ते दाखवलं, तर म्हणाला, "काका, ते २०१४ लाच एक्स्पायर झालं. कंपनीने एक्सपी बंद केलं ना. रिन्यू करावं लागतं." साफ खोटं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेच्या अपडेट यायच्या बंद झाल्या. त्याने प्रॉडक्ट की मरत नाही. विकत घेतलेलं विंडोज चालत राहतं. हे मला माहीत होतं! तरी त्या क्षणी वाटलं, नियम बदलले असतील. एक्सपीचं लायसन्स 'रिन्यू' होत नसतं. असे पैसे कुणी मागितले तर चहासुद्धा पाजू नका.

मग माझी फॉन्टची सीडी त्याने ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह फिरायला लागला तोच बटण दाबून बाहेर काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. "मेली काका. वाचत नाही." त्याच ड्राइव्हने आत्ताच त्याची एक सीडी पाऊण तास वाचली होती आणि पुढे दुसरीही वाचली. माझीच तेवढी वाचेना? हे मी बोलायला हवं होतं. त्याने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये सीलबंद डबी काढली, वर रंगीत लेबल, "ओरिजिनल आहे, नवीन व्हर्जन, याला लॉक लागत नाही." ती सीडी मी उलटी करून पाहिली ती दोन आठवड्यांनी. कंपनीत छापलेली सीडी खालून स्वच्छ चंदेरी असते. ही निळसर-हिरवी होती, मधल्या वर्तुळापासून थोड्या अंतरापर्यंत एक छटा, पुढे दुसरी. घरी राइट केलेली सीडी. अशा सीड्या मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं करून दिल्या आहेत. उजेडात धरून बघायला किती वेळ लागतो?

पण खरा क्षण तो नाही. रात्री झोप येत नाही ती पुढच्या क्षणामुळे.

सॉफ्टवेअर टाकण्याआधी त्याने खाली उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर डबल क्लिक केलं. तारखेची चौकट उघडली. त्याने साल २०१२ केलं आणि ओके दाबलं. मी त्याच्या मागे दोन हातांवर उभा होतो. विचारलं, "हे कशाला?" मान न वळवता म्हणाला, "एक्सपीला जुनीच तारीख लागते काका, नाहीतर हँग होतं." फुकट वापरून बघायला मिळणाऱ्या डेमो व्हर्जनचे ३० दिवस लांबवायला घड्याळ मागे फिरवतात, ही युक्ती आमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या पोटात खड्डा पडला होता, खोटं कशाला सांगू. पण पडद्यावर मराठी फॉन्ट उमटले, अहवालाचं मुखपृष्ठ उघडलं, 'वर्गणीदारांची नावे' हे पान जसंच्या तसं दिसलं आणि मी गप्प बसलो. चिटणीसांचा तिसरा फोन वाजत होता. कुणी तुमच्यासमोर तारीख मागे नेली की त्याचा हात धरा. तिथेच, तेव्हाच.

निघताना त्याने कॅबिनेटमागचं लॉक काढून खिशात टाकलं. "नवीन लायसन्स दिलं की जुनं लॉक कंपनीत जमा करावं लागतं. फी पंधराशे, पावती व्हॉट्सॲपवर पाठवतो." पावती आजपर्यंत आलेली नाही. माझी 'मेलेली' सीडी मात्र त्याने टेबलावरच ठेवली. तिची त्याला गरज नव्हती.

अकरा दिवस सगळं चाललं. माझ्याकडे ऑपरेटरचं काम करणाऱ्या मुलीची तक्रार सुरू झाली, की आजची फाइल यादीत जुन्या फाइलींच्या खाली जाते, त्यामुळे चुकीचं प्रूफ निघतं. तिने तारीख बरोबर केली. दुसऱ्या क्षणाला चौकट आली, डेमोची मुदत संपली. तारीख परत मागे नेली तरी उघडेना. मी त्या मुलीवर ओरडलो. तिची काहीही चूक नव्हती, तिने योग्य तेच केलं होतं. त्याच रागात मी माझी जुनी सीडी ड्राइव्हमध्ये टाकली आणि हात बांधून बसलो. वीस-पंचवीस सेकंदांत सेटअपचा पडदा आला. सॉफ्टवेअर व्यवस्थित पडलं. शेवटी एवढंच म्हणालं, लॉक सापडत नाही.

अहवाल सदाशिव पेठेतल्या एका ओळखीच्याकडे नव्याने टाइप करून घेतला. ६४ पानं, पानाला ६० रुपये, ३,८४० रुपये. म्हणजे सगळे मिळून १८,३४०.

त्याचा फोन बंद. चौकीत गेलो. समोरच्या साहेबांनी पहिल्यांदा विचारलं, "सीडीसाठी साडेचौदा हजार?" लॉक म्हणजे काय ते समजावताना मला कुलूप-किल्लीचं उदाहरण द्यावं लागलं. मग म्हणाले, पैसे यूपीआयने दिलेत ना, मग सायबरला जा. सायबरला म्हणाले, माणूस दुकानात आला होता, तुम्ही समोर बसून पैसे दिलेत, हे आमच्याकडे येत नाही, चौकीत जा. पुन्हा चौकीत. "लॉक तुम्ही स्वतःच्या हाताने दिलंत ना काका? मग चोरी कशी?" चोरी नाही, फसवणूक म्हणा! खोटं सांगून वस्तू काढून घेतली, त्याला फसवणूकच म्हणतात आणि भारतीय न्याय संहितेत त्याला कलम ३१८ आहे. मी कलम उच्चारलं तेव्हा साहेबांचा चेहरा बदलला, काम बदललं नाही. साध्या अर्जावर 'मिळाला' असा शिक्का मारून दिला. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुम्हीच केलात. ग्राहक तक्रारीसाठी विचारलं तर समोरच्याचा पत्ता द्या, बिल द्या. पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो?

आणि सॉफ्टवेअरची कंपनी. ते व्हर्जन बंद झालंय, बदली लॉकचा विचार करायचा तर एफआयआरची प्रत आणा, लॉकचा नंबर सांगा. एफआयआर चौकी देत नाही. नंबर माझ्याकडे नाही, कारण तो लॉकवरच होता आणि २००६ चं बिल दुकान रंगवताना रद्दीत गेलं. ज्यांच्याकडे अशी लॉकं अजून आहेत त्यांनी आत्ता उठून कॅबिनेटच्या मागे जावं, नंबर वहीत लिहावा, मोबाइलवर फोटो काढावा. बिल असेल तर त्याचाही. माझं हे करायचं राहिलं.

यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, मी तेरा दिवसांनी केला. रोख दिलेले ३,८०० तर कुठल्याच कागदावर नाहीत. तो समोर बसला होता तेव्हा गाडीचा नंबर सहज टिपता आला असता.

आता सगळा मजकूर, तारखा, व्यवहारांचे नंबर लिहून उपायुक्तांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवला आहे. पोच आली, उत्तर नाही. पैशांची आशा मी सोडली आहे. वीस वर्षांच्या फाइलींची सोडलेली नाही.

म्हणून पेठांतल्या सगळ्या डीटीपीवाल्यांना आणि प्रेसवाल्यांना विनंती. लॉक मळकट पांढरं आहे, २५ पिनचं. दोन स्क्रूंपैकी डाव्या बाजूचा नाही. अंगावर निळ्या बॉलपेनने मी '२' लिहिलेला आहे, तो घासला तरी पूर्ण जात नाही. कुणी विकायला आणलं तर घेऊ नका, त्याला बोलण्यात गुंतवा आणि नारायण पेठेत कुणाकडूनही माझ्या दुकानात निरोप पोचवा. रात्री नऊपर्यंत मी तिथेच असतो.