वायडी, गॅप आणि 58 टक्के: रेझ्युमेत काय वर ठेवायचं, काय खाली

दहावी 86 टक्के, बारावी 58, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला वायडी (इयर डाउन, म्हणजे विषय राहिल्यानं एक वर्ष मागे), शेवटी सीजीपीए 6.4. चार वर्षांची डिग्री पाच वर्षांत. असा रेझ्युमे माझ्याकडे जवळपास दर आठवड्याला येतो. मुंबईचा मुलगा ‘केटीमुळे ड्रॉप’ म्हणतो, नागपूरची मुलगी ‘इयर बॅक’ म्हणते, दुखणं एकच. ऑनलाइन परीक्षा संपून 2022 मध्ये पेपर पुन्हा वर्गात बसून लिहायची वेळ आली, त्या बॅचमध्ये तर मला अशा वायडी खूप दिसतात.

मी पुण्यात एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडची टीम सांभाळतो. आमच्याकडे फ्रेशर्सचे रेझ्युमे आधी मी वाचतो, एचआरकडे नंतर जातात. वायडी मलाही लागली होती. ते वर्ष घरात कसं जातं, पाहुण्यांसमोर आई कशी विषय बदलते, हे मी पाहिलंय. अशा मुलांना सल्ले मिळतात ते बहुतेक दोनच: ‘मार्क लपव’ किंवा ‘अजून एक कोर्स टाक’. हे दोन्ही सल्ले आणि त्यांचे पर्याय मी इथे शेजारी शेजारी ठेवतोय.

आधी दार ओळखा: फॉर्मचं की माणसाचं

मोठ्या सर्व्हिस कंपन्यांची फ्रेशर भरती फॉर्मवर चालते. टीसीएसच्या एनक्यूटी (फ्रेशर्ससाठीची त्यांची परीक्षा) भरतीचे निकष बघा: दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, सगळीकडे 60 टक्के किंवा 6 सीजीपीए; शिक्षणातला खंड एकूण 24 महिन्यांच्या आत, आणि तो डिग्री लांबल्यामुळे पडलेला नको; शिवाय खंड जाहीर करणं बंधनकारक. बारावीला 58 असतील तर या दारात रेझ्युमेची मांडणी कितीही सुधारली तरी उपयोग नाही, कारण रेझ्युमे उघडायच्या आधीच चाळणी लागलेली असते. तिथे रात्री जागवू नका.

पण तिन्हीकडे 60 च्या वर असाल आणि दोन टप्प्यांच्या मध्ये एकच वर्ष गेलं असेल, तर हे दार तुम्हाला उघडं आहे; वायडीमुळे डिग्रीच लांबली असेल तर टीसीएसचं नाही, बाकी कंपन्यांचे निकष वाचून बघा. कित्येक मुलं गॅपच्या संकोचापायी निकष न वाचताच फॉर्म सोडून देतात. निकषात बसत असाल तर तो भरा, गॅपच्या रकान्यात बारा महिने लिहा.

दुसरं दार माणसाचं. छोट्या-मध्यम कंपन्या, स्टार्टअप, कुणाच्या ओळखीनं पुढे गेलेला रेफरल. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीनं तर 2005 पासून बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना स्वतःच्या संस्थेत शिकवून कामावर घेतलंय. या दारात रेझ्युमेच्या मांडणीला खरी किंमत आहे, आणि पुढचं बरंचसं याच दाराबद्दल आहे.

शिक्षण वर की काम वर

कॉलेजच्या टीपीओनं (प्लेसमेंट बघणाऱ्या अधिकाऱ्यानं) दिलेला नमुना सगळ्यांकडे एकच असतो: वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, मग शिक्षणाचा चौकटीचा तक्ता, मग छंद, वडिलांचं नाव, आणि तळाला ‘आय हिअरबाय डिक्लेअर’. ज्याचे मार्क सरळ चढत गेलेत त्याचं या नमुन्यात फारसं बिघडत नाही. तुमच्या बाबतीत मात्र वाचणाऱ्याच्या नजरेला पहिल्या दहा सेकंदांत 58 आणि 6.4 पडतात आणि पुढचं सगळं तो त्याच चष्म्यातून वाचतो. शिवाय चौकटीचा तक्ता रेझ्युमे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा विस्कटतो. टक्के एका ओळीत, कॉलेजचं नाव भलत्याच ओळीत, असे रेझ्युमे मी रोज पाहतो.

दुसरी मांडणी: नावाखाली दोन ओळींत काय येतं ते, मग प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप, मग कौशल्यं, आणि सगळ्यात खाली शिक्षण, एका ओळीत. ‘बी.ई. कॉम्प्युटर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, 2025’. पास झाल्याचं वर्ष खरं. प्रवेशाचं वर्ष आणि टक्के नाही लिहिले तरी चालतात. ही लपवाछपवी आहे का, असं मला मुलं विचारतात. नाही. रेझ्युमे म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. पण कुणी विचारलं किंवा फॉर्मात रकाना असला की आकडा अचूकच द्यायचा.

या मांडणीचा एक धोका आहे. वर ठेवायला काम नसेल तर ती पोकळ दिसते. कौशल्यांच्या यादीत पंधरा तंत्रज्ञानांची नावं आणि त्याखाली एकही केलेली गोष्ट नाही, हा रेझ्युमे मी 58 टक्क्यांच्या रेझ्युमेपेक्षा लवकर बाजूला ठेवतो. तुमच्याकडे अजून काही नसेल तर दोन महिने थांबा, काहीतरी करा, मग मांडणी बदला.

आणखी एक गोष्ट फार थोडे जण करतात. खालीवर मार्कशीटमध्ये ‘वर’ही असतं, ते उचलून दाखवा. वायडीनंतरच्या चार सेमिस्टरची सरासरी 7.9 असेल तर शिक्षणाच्या ओळीखाली तेवढं लिहा. ‘शेवटची चार सेमिस्टर: 7.9’ हे वाचलं की पडून उठलेला मुलगा मला दिसतो. एकूण 6.4 मधून तो दिसत नाही.

गॅपची ओळ: तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा: ‘वैयक्तिक कारणांमुळे खंड.’ हे वाचून शंका वाढते.

दुसरी तऱ्हा: वडिलांचं आजारपण, कर्ज, गावाकडची जमीन, सगळं सहा ओळींत. वाचताना जीव कळवळतो, पण त्या मुलाला काय येतं ते कळत नाही आणि पानाचा पाव हिस्सा गेलेला असतो.

तिसरी: ‘जुलै 2022 ते जून 2023: दुसऱ्या वर्षाचे राहिलेले विषय पूर्ण केले, याच काळात पायथन शिकून काकांच्या दूध संकलन केंद्राची नोंदवही फोनवर आणली.’ तारखा आहेत, कारण आहे, पुढचा प्रश्न विचारायला जागा आहे. त्या वर्षात दुसरं काहीच केलं नसेल तर फक्त पहिला अर्धा भाग लिहा. आजारपण असेल तर ‘घरच्या आजारपणामुळे खंड, जुलै 2023 पासून पुन्हा नियमित’ एवढं पुरतं.

लपवणं आणि विकत घेणं

पास झाल्याचं वर्ष अलीकडे ओढणं, 58 चे 61 करणं हे बीजीव्हीत, म्हणजे नोकरीआधीच्या कागदपत्रांच्या तपासणीत सापडतं. तपासणारे विद्यापीठाकडून खात्री करून घेतात आणि मार्कशीटवर परीक्षेचा महिना छापलेला असतोच.

न कळत होणारी चूकही सांगतो. आपल्या एसएससी बोर्डाचे टक्के ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने निघतात. काही कंपन्या मात्र सगळे विषय धरून टक्के मागतात. सूचना न वाचता 86 भरलं आणि सहा विषयांचे 83 निघाले, तर लबाडी नसताना खुलासा करत बसावं लागतं. सीजीपीएचंही तसंच. सरळ दहाने गुणू नका. प्रत्येक विद्यापीठाचं टक्केवारीचं सूत्र वेगळं आहे, तुमच्या विद्यापीठाचं वापरा.

आता विकत घेण्याबद्दल. ‘दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो, ऑफर लेटर, सॅलरी स्लिप सगळं मिळेल’ असं सांगणारे क्लासवाले आणि कन्सल्टन्सीवाले आहेत. त्यांच्याकडून आलेल्या एका मुलाची मी मुलाखत घेतली होती. मुलगा हुशार होता. पण दोन वर्षांच्या कामाबद्दल विचारलं, तर डिप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) कोण करायचं, रात्री सर्व्हर पडला तर फोन कुणाला जायचा, याची उत्तरं त्याच्याकडे नव्हती. त्याच्यासमोर बसून मला वाईट वाटलं. घरच्यांनी त्यासाठी पैसे भरले होते. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन (प्रत्येक कर्मचाऱ्याचा कायमचा खाते क्रमांक) नोंदीत कुठल्या कंपनीत कधी रुजू झाला हे दिसतं आणि कंपन्या ते बघतात. आयटीतल्या लोकांच्या पडताळणीसाठी नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेनं 2006 मध्ये नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली. नोकरी लागल्यावर दीड वर्षानं हे उघड झालं तर जे दीड वर्ष खरं काम केलं तेही हातचं जातं. या वाटेला जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

शिक्षणातलं भोक बुजवायचं असेल तर

| वाट | वेळ | अट | कुठल्या दारात उपयोग |
|---|---|---|---|
| राहिलेले विषय काढून डिग्री पूर्ण करणं | विषयांवर अवलंबून | विद्यापीठाची मुदत संपलेली नको | दोन्ही |
| इग्नूचा बीसीए | किमान 3, कमाल 6 वर्षं | बारावी | मुख्यतः सरकारी नोकरी |
| आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस | आपल्या गतीनं. टप्प्यांवर बाहेर पडता येतं | बारावी किंवा दहावीनंतरचा डिप्लोमा, पात्रता फेरी | दोन्ही |
| सीडॅकचा पीजी-डॅक | 24 आठवडे, 900 तास | इंजिनिअरिंग, एमसीए वगैरे. पात्रता डिग्रीत 50 टक्के. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा | माणसाचं जास्त |
| प्रत्यक्ष कामाची परीक्षा, उदाहरणार्थ आरएचसीएसए (रेड हॅटची लिनक्स सर्व्हर सांभाळण्याची परीक्षा) | काही महिने | डिग्रीची अट नाही | माणसाचं |

दोन-तीन विषयांवर डिग्री अडली असेल तर तक्त्यातल्या बाकीच्या ओळी वाचूही नका. आधी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात स्वतः जा, मुदत किती उरली आहे ते लेखी घ्या. दोन विषयांसाठी अर्धवट सोडलेली डिग्री पाच वर्षांनी फार महाग पडते, कारण तेव्हा नोकरी, घर आणि अभ्यास एकत्र येतात.

डिग्री खरंच सुटली असेल, तर इग्नू आणि आयआयटी मद्रास यांत निवड करताना स्वतःचा स्वभाव बघा. यूजीसीच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची डिग्री नियमित डिग्रीच्या बरोबरीची आहे, त्यामुळे कमीपणा मानू नका; टीसीएससारख्या काही कंपन्या मात्र फक्त पूर्णवेळ अभ्यासक्रम धरतात. इग्नूला नोकरी सांभाळून हळूहळू जाता येतं. मद्रासचा बीएस कठीण आहे: दर आठवड्याच्या असाइनमेंट, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षा, एकूण 142 क्रेडिट. पण त्यात फाउंडेशन, डिप्लोमा, 114 क्रेडिटला बीएससी, मग बीएस असे टप्पे आहेत. एकदा डिग्री अर्धवट राहिलेल्यासाठी हे फार मोलाचं, कारण मध्येच थांबावं लागलं तरी हात रिकामे राहत नाहीत.

पीजी-डॅकबद्दल एक गैरसमज पुण्यात घट्ट आहे की तो केला की जुने मार्क पुसले जातात. प्रवेशाला फक्त पात्रता डिग्रीचे 50 टक्के लागतात, हे खरं. तिथल्या प्लेसमेंटला येणाऱ्या काही कंपन्या मात्र पुन्हा दहावीपासून 60 मागतात. फी लाखाच्या घरात आहे. बेसिक कच्चं असेल आणि रोज सकाळपासून रात्रीपर्यंत बसायची तयारी असेल तर कराच. मार्कांवर पांघरूण म्हणून करत असाल तर थांबा.

बघून संपवायच्या व्हिडिओ कोर्सच्या प्रमाणपत्रांना मी जवळजवळ वजन देत नाही. आरएचसीएसएसारखी परीक्षा वेगळी. तिथे प्रत्यक्ष मशीनवर काम करून दाखवावं लागतं.

प्रोजेक्टची ओळ

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. रेझ्युमे इंग्रजीत असतो, मी मुद्दा मराठीत लिहितो.

आधी: ‘रिअॅक्ट, नोड आणि मोंगोडीबी वापरून दूध डेअरी मॅनेजमेंट सिस्टीम बनवली.’

नंतर: ‘काकांच्या दूध संकलन केंद्रासाठी (140 सभासद) नोंदवही. फॅट आणि एसएनएफच्या दरपत्रकावरून दर काढते, दहा दिवसांचं बिल छापते. आधी बिलांना दोन माणसांचा दिवस जायचा, आता अर्धा तास. नेट गेलं तरी नोंद फोनवर राहते आणि नंतर सर्व्हरवर जाते. 14 महिने वापरात.’

पहिली ओळ माझ्याकडे आलेल्या शंभर रेझ्युमेंत असते, फक्त डेअरीच्या जागी हॉस्पिटल किंवा लायब्ररी. दुसरी वाचल्यावर मला लगेच प्रश्न सुचतात. नेट नसताना एकाच सभासदाची दोनदा नोंद झाली तर? दरपत्रक महिन्याच्या मध्ये बदललं तर जुनी बिलं कशी? ज्यानं खरंच केलंय तो या प्रश्नांवर खुलतो. आकडे मात्र मोजून लिहा. 140 सभासद म्हणजे वहीत 140 नावं हवीत.

घरात डेअरी नसेल तर गल्लीतला किराणा, सोसायटीचा टँकरचा हिशेब, मामाचं गॅरेज आहे. तेही नको असेल तर मुक्त (ओपन सोर्स) सॉफ्टवेअरमध्ये छोट्या दुरुस्त्या पाठवायला सुरुवात करा. अशा सॉफ्टवेअरवर नवख्यांना काम देणारा गुगलचा कार्यक्रम, गुगल समर ऑफ कोड, 2022 पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुलं झालंय, वय 18 पूर्ण हवं. तिथे तुमच्या प्रस्तावातलं काम बघतात.

फोनवर विचारलं तर

‘एक वर्ष गेलेलं दिसतंय?’ हा प्रश्न येणारच, तो मीही विचारतो. ‘सर, ते पेपर तपासणीत गडबड झाली होती’ असं एक उत्तर मला बरेचदा मिळतं. खरंही असेल, पण पुढे बोलायला काही उरत नाही. दुसरं उत्तर एका मुलीनं दिलं होतं: ‘हो सर, दुसऱ्या वर्षी चार विषय राहिले. डेटा स्ट्रक्चर्स मी पाठ करत होते, समजत नव्हतं. त्या वर्षी रोज एक गणित हातानं कागदावर सोडवलं. वही अजून आहे.’ पुढची चाळीस मिनिटं आम्ही डेटा स्ट्रक्चर्समधल्या लिंक्ड लिस्टबद्दल बोललो. ती आता माझ्या टीममध्ये आहे.