बेसिक-एक्स्पर्टचे वेगवेगळे एक्सपी तक्ते: उन्हाळ्यापासून खेळतोय, आता बोलतो

डन्जन्स अँड ड्रॅगन्समधला माझा फायटर (लढवय्या) मेला म्हणून हे लिहितोय. पाचवी लेव्हल, विषाच्या सेव्हला, म्हणजे विषातून वाचायच्या फाशाला, १० लागत होते, ९ पडले. खेळ संपला. नवीन कॅरेक्टर पहिल्या लेव्हलपासून, शून्य एक्सपीवर (अनुभवाचे गुण, ते साठले की लेव्हल चढते). डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आमचा जुना मित्र आहे, पण टेबलावर कुणाचा मित्र नसतो.

आम्ही खेळतो ते या खेळाचे १९८१ चे बेसिक आणि एक्स्पर्ट नियम. डाइस, हिट पॉइंट वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यामुळे फक्त एक्सपीबद्दल बोलतो. आमच्यातले बहुतेक पाचव्या एडिशनवर वाढलेले: सगळ्यांना ३०० ला दुसरी लेव्हल, ९०० ला तिसरी, विषय संपला. इथे दुसऱ्या लेव्हलला चोराला १२००, क्लेरिकला (पुजारी) १५००, फायटरला २०००, जादूगाराला २५०० आणि एल्फला चक्क ४०००. जो क्लास (कॅरेक्टरचा प्रकार) जास्त भारी, त्याची लेव्हल महाग. आणि एक्सपी मुख्यतः खजिन्यातून: बाहेर आणलेलं एक सोन्याचं नाणं म्हणजे एक एक्सपी. गोब्लिन मारून फक्त ५ मिळतात, त्यामुळे लढाई टाळून पोतं उचलणारा शहाणा.

मे महिन्यात नागपुरात धरमपेठेतल्या मित्राच्या हॉलमध्ये कूलरसमोर सुरुवात केली. पुस्तक विकत घेण्याऐवजी मी लागणारी पानं सीताबर्डीला प्रिंट करून स्पायरल मारली. दुकानदाराने भोकं बरोबर लेव्हलच्या रकान्यावर पाडली. म्हटलं परत करून दे, तर म्हणे "दिसते ना भाऊ, काय फरक पडते?" पैसे पुन्हा देणार नव्हतो, पेनाने आकडे लिहिले. त्यामुळे तक्ता मला पाठ झाला, हा एक फायदा.

आता मुख्य राग. प्राइम रिक्विझिट, म्हणजे क्लासचा मुख्य गुण, ज्याचा आकडा सुरुवातीला फाशांवर पडतो. फायटरची ताकद १३ ते १५ असेल तर मिळालेल्या प्रत्येक एक्सपीवर ५ टक्के जास्त, १६ किंवा जास्त असेल तर १० टक्के. ९ च्या खाली असेल तर उलट कापतात. माझी ताकद १२. म्हणजे काहीच नाही. शेजारी बसलेल्या चोराची चपळाई १६, त्याला जन्मभर १० टक्के. एक्सपीच्या पहिल्याच वाटणीत तो मला म्हणतो, "मले दहा टक्के अन् तुले काईच नाई, काऊन बे?" मी काऊन सांगू? फाशांनी सांगितलं. बरं, १६ ताकदीच्या फायटरला मारायला आणि डॅमेजला +२ मिळतोच. मग त्याच आकड्याचा वर पुन्हा एक्सपीतही भत्ता कशाला? एकाच लग्नात दोनदा आहेर.

जुलैपर्यंत माझं मत एवढंच होतं: तक्ते चांगले, दहा टक्के भंगार. मग एका रविवारी तर्रीपोहे येईस्तोवर वहीत हिशेब मांडला. समजा प्रत्येकाला २०००० एक्सपी मिळाले. चोर सहाव्या लेव्हलला, फायटर पाचव्या, क्लेरिक पाचव्या, जादूगार पाचव्या (म्हणजे फायरबॉल, आगीच्या गोळ्याचा मंत्र, आला), एल्फ चौथ्या. दहा टक्के धरून चोराचे २२००० होतात, तरी सहावीच. पुढची ४०००० ला. म्हणजे ज्या दहा टक्क्यांवर मी इतके महिने बोंबललो, त्यांनी त्या मुक्कामावर एक लेव्हलही हलली नाही.

कारण सोपं आहे. सुरुवातीच्या लेव्हलांत आकडा जवळजवळ दरवेळी दुप्पट होतो. एल्फला फायटरच्या दुप्पट लागतात, म्हणजे तिसऱ्या लेव्हलनंतर तो फायटरच्या मागे राहतो तो बहुतेक वेळा एक लेव्हल. तलवार, चिलखत आणि जादू, तिन्ही एका अंगावर, आणि त्याची किंमत एक लेव्हल? स्वस्त आहे. चिमटा बसतो तो फक्त सुरुवातीला. एल्फ ४००० ची वाट बघत पहिल्या लेव्हलला अडकलेला असताना चोर आणि क्लेरिक तिसरी गाठतात, फायटर दुसरी. तेवढ्यात एल्फ जगला पाहिजे. आमचा एल्फ जगला, म्हणून तो आता फुशारक्या मारतो.

समतोल साधतो का मग हा तक्ता? थोडासा. पण एका गोष्टीने मला गार केलं, आणि ती मेल्यावरच कळली. नवीन फायटर शून्यावरून निघाला, वाटणी सगळ्यांसारखीच. एका मोहिमेत एकाहून जास्त लेव्हल चढता येत नाही, तरी मी ८००० गाठून चौथ्या लेव्हलला पोचलो तेव्हा चोर सहाव्यावरच, जादूगार पाचव्यावरच. एकटा क्लेरिक २५००० ओलांडून पुढे गेलेला. पाचव्या एडिशनमध्ये कुणी मेलं की डीएम थेट बरोबरीचं कॅरेक्टर हातात देतो आणि मरणाला काही अर्थ उरत नाही. इथे मागे पडतो, पण धावत जवळ येतो. पहिली दोन लेव्हल मात्र मी दारामागे उभा राहून भाला टाकत होतो, ते सांगायला नको.

एक नोंद: दहा टक्क्यांबद्दलचा राग फायटर आणि चोरापुरता ठेवतोय. जादूगाराला बुद्धीचा या नियमांत बाकी उपयोग म्हणजे जास्तीच्या भाषा येणं. त्याला एक्सपीतला भत्ता शोभतो.

डीएमने १९८९ च्या दुसऱ्या एडिशनचा तक्ताही एकदा पुढे केला होता. नको म्हटलं. तिथे फायटरला सातवी लेव्हल ६४००० ला आणि विझार्डला (तिथला जादूगार) ६०००० ला. जो सुरुवातीला महाग, तोच ऐन ताकद आल्यावर स्वस्त! नववीला तर विझार्डला १३५०००, फायटरला २५००००. हे कोणत्या हिशेबाने बसवलं, देव जाणे.

हे जुने नियम खेळायला घ्यावेत का? टेबलावर कुणी वही ठेवणारा असेल तर नक्की. दर वाटणीनंतर पाच जणांचे पाच वेगवेगळे टक्के काढायला आमच्याकडे मीच आहे, कारण बाकीचे मोबाइल काढून बसतात. आणि पुढच्या वेळी मेलो तर एल्फ घेणार नाही. पाचव्या-सहाव्या लेव्हलच्या लोकांमागे ४००० पर्यंत पहिल्या लेव्हलवर फिरायची माझी तयारी नाही. चोर घेईन. चपळाई १६ पडली तर दहा टक्केही घेईन.