१६ शनिवार, ९,६०० रुपये

चार स्टार दिलेत. पाचवा जिन्यापायी कापला. हे मानसिक समुपदेशनाचं केंद्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि येणारी निम्मी माणसं माझ्यासारखी गुडघे गेलेली. ३२ पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी मधल्या वळणावर थांबलो, ते दम लागला म्हणून की परत जावं म्हणून, माझं मलाच कळेना. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. ओळखीचं कुणी भेटलंच तर दाढ दुखतेय म्हणून सांगायचं, असं ठरवूनच घरातून निघालो होतो.

माझं वय ६६. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, राहायला कोरेगावला. बायकोला जाऊन दोन वर्षं होत आली. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणाली, रात्री मेंदूत रक्तस्राव झाला, पहाटे साताऱ्याच्या दवाखान्यात तिनं प्राण सोडला. मधल्या वेळात मी मॅच बघत होतो. हे शेवटचं वाक्य मी १४ महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलगी पुण्यात असते. एका रविवारी आली आणि फ्रिज उघडून म्हणाली, "आप्पा, मागच्या वेळी मी करून ठेवलेली भाजी तशीच आहे." भांडली नाही. तिनंच शोधाशोध केली. आधी एका मोबाईल ॲपवर अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल लावून दिला. ॲपचं नाव घेत नाही. समोरची मुलगी हिंदी-इंग्रजीत बोलत होती आणि माझं हिंदी 'आगे चलो, पीछे जगह है' एवढ्यापुरतंच. बायको गेली हे हिंदीत सांगताना ती दुसऱ्याच कुणाची तरी बायको वाटायला लागली. शेवटी तिनं रोज तीन चांगल्या गोष्टी लिहून काढा म्हणून सांगितलं. मी दोन दिवस लिहिल्या. पहिल्या दिवशी 'चहा' आणि दुसऱ्या दिवशीही 'चहा'.

मग हे केंद्र. साताऱ्यात, पोवई नाक्यापासून चालत पाच मिनिटं. मॅडमचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. वय असेल पस्तीसच्या आसपास. आमच्या मुलीपेक्षा लहान. ही पोर मला काय सांगणार, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेचं नोंदणीपत्र लावलेलं होतं. मला कागद वाचायची सवय, ते आधी वाचून घेतलं. समुपदेशक ही पाटी आपल्याकडं कुणीही लावू शकतो, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला ही नोंदणी लागते. तुम्ही कुठंही जा, एवढा एक कागद बघा. विचारायला लाजू नका, तिकीट विचारताना आम्ही कधी लाजलो का?

फॉर्म मात्र अख्खा इंग्रजीत. साताऱ्यात बसून इंग्रजी फॉर्म कशाला? मॅडमना तसं सांगितलं तर त्यांनी माझ्यासमोर बसून एकेक प्रश्न मराठीत विचारत स्वतः भरला. त्यातला एक प्रश्न होता, "काका, जगू नये असं वाटतं का? तसं काही करायचं मनात आलंय का?" इतकं सरळ मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे आडून आडून जायचे. वाटतं म्हणालो, पण करणार काही नाही. मग त्यांनी त्यावरच पंधरा मिनिटं घातली. रात्री-अपरात्री असं वाटलं तर कुणाला फोन करायचा ते कागदावर लिहून दिलं. मुलीचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर आणि १४४१६. हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मी एकदाच लावला, रात्री अडीचला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, एवढंच त्या वेळी हवं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, त्यावरून माझा विश्वास बसला. म्हणाल्या, जवळचं माणूस गेलेल्या बहुतेकांना माझ्याकडं यायची गरज पडत नाही. वेळ जातो, माणसं सोबत असतात, कामं असतात, दुःख आपली जागा करून घेतं. काहींचं मात्र गाडी चिखलात रुतावी तसं होतं, चाक फिरतं आणि गाडी तिथंच. आता त्याला आजाराच्या यादीत नावही आहे. त्यासाठी माणूस जाऊन जागतिक आरोग्य संघटना किमान सहा महिने धरते, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक एक वर्ष. नुसते महिने मोजत नाहीत, त्या समाजात किती शोक रीतीचा धरतात तेही बघतात. म्हणून त्यांनी वर्षश्राद्ध कसं झालं ते विचारलं. मी म्हणालो, सगळं रीतसर झालं, मीच तिथं नव्हतो. म्हणजे होतो. पाटावर बसलो होतो.

भाच्यानं व्हॉट्सॲपवर दुःखाच्या पाच पायऱ्या पाठवलेल्या. नकार, राग, मग पुढचं काय काय. त्यात मी कुठं बसतो ते मी रोज तपासायचो आणि रोज नापास व्हायचो. तो मेसेज मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, कुबलर-रॉस नावाच्या डॉक्टरबाईंनी हे १९६९ साली लिहिलं ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना ते नंतर चिकटलं. पायऱ्या तुम्ही आमच्या जिन्यावर मोजा, तेवढ्या पुरे. (म्हणजे जिन्याची तक्रार त्यांनाही ठाऊक आहे.) मग त्यांनी दुसरं एक सांगितलं. नेदरलँड्समधल्या स्ट्रोबे आणि शुट या दोघांनी १९९९ मध्ये मांडलेलं. दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये फिरत असतो. एका टोकाला गेलेल्याची आठवण, रडणं. दुसऱ्या टोकाला गॅसचा नंबर लावणं, वीजबिल, नवीन कामं शिकणं. दोन्हीकडं जायचं असतं, मध्येमध्ये सुट्टीही घ्यायची असते. मी म्हणालो, म्हणजे अप-डाऊन. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझी गाडी एकाच टोकाला मुक्कामी पडली होती, दुसरं काही नाही.

आता मुख्य काम. ते कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या जिन्याला पाय लावला नसता, तरी लिहितो. त्या रात्रीची हकीकत डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, आत्ता घडतंय अशी. ती मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि घरी रोज एकदा ऐकायची. पुढच्या शनिवारी पुन्हा सांगायची. कॅथरीन शिअर नावाच्या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ही १६ बैठकांची पद्धत बसवलेली आहे. उगाच उकरून काढायचं आणि पैसे घ्यायचे, असं मला वाटलं. पहिल्यांदा चार मिनिटांत संपवली. "डोकं दुखत होतं, उलटी झाली, रिक्षा आणली, गेली." मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही वे-बिल भरायचात ना? त्यात स्टेज सुटलेलं चालायचं का?"

नाही चालायचं. वे-बिल म्हणजे कंडक्टरचा हिशोबाचा कागद, त्यात प्रत्येक स्टेजला, म्हणजे भाड्याच्या टप्प्याला, तिकिटांचे आकडे लिहायला लागायचे. मधे तपासणी पथक गाडीत चढलं आणि वे-बिल पुरं नसलं तर पैसे बरोबर असले तरी केस व्हायची. मग मी तसं भरायला लागलो. पावणेआठला तिनं डोकं धरलं. मी बाम दिला. आठला तिनं भाकरी थापायचं सोडून गॅस बंद केला. तिनं गॅस बंद केला हे मला आठवतच नव्हतं. एरवी ताप अंगात असतानाही तिनं तवा उतरवला नव्हता. दुसऱ्या वेळी नऊ मिनिटं झाली. तिसऱ्या वेळी एकवीस. घरी ऐकताना पहिले चार दिवस मोबाईल उशीखाली ठेवून ऐकला, म्हणजे आवाज लांबून येतो.

पाचव्या वेळी सांगताना तोंडातून एक वाक्य आलं. आठ वाजता मी म्हणालो होतो, "चल, दवाखान्यात जाऊन येऊ." आणि ती म्हणाली होती, "उगा कशाला पैसं घालवायचं, सकाळी बघू."

मी थांबलो. मॅडमना विचारलं, हे खरंच झालं, की मनानं सोयीसाठी आत्ता घातलं? मला वाटलं त्या म्हणतील खरंच झालं, तुमची काही चूक नाही, घरी जा. त्या म्हणाल्या, "ते मला ठरवता येणार नाही काका. तुम्ही ऐकत राहा." त्या वेळी राग आला. आता वाटतं, त्यांनी हो म्हटलं असतं तर मी ते त्याच दिवशी जिन्यात टाकून आलो असतो. लोकांनी चौदा महिने तेच तर सांगितलं होतं, तुमची काही चूक नाही. त्यांना माहीत काय होतं? मॅच तर त्यांना ठाऊकच नव्हती.

त्यांनी मला दवाखान्याचे कागद घेऊन एका डॉक्टरांकडं जायला लावलं. प्रश्नही आधी लिहून काढला. आठ वाजता नेलं असतं तर वाचली असती का? डॉक्टरांनी स्कॅनचा रिपोर्ट वाचला, चष्मा काढला, म्हणाले, रक्तस्राव मोठा होता, पण नक्की कुणालाच सांगता येणार नाही. बरं वाटलं नाही. पण हिशोब कुठं संपतो ते कळलं. कॅश शॉर्ट आली की आम्ही रात्रभर तिकिटं पुन्हा पुन्हा जुळवत बसायचो. तशी ती रात्र मी रोज जुळवत होतो.

कावळ्याचं पण सांगतो, कारण ते सांगितल्यावर त्या हसतात की काय याची मला भीती होती. दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंडाला कावळा दीड तास शिवेना. भाऊ म्हणाला, वहिनी, दादाची काळजी करू नका. कावळा येईना. शेवटी मुलगी म्हणाली, आई, आप्पांना मी बघते, आणि तो आला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मला वाटलं, हिला माझी काळजी होती आणि मी मॅच बघत होतो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही काय बोललात?"

मी काहीच बोललो नव्हतो.

अकराव्या बैठकीत त्यांनी समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि तिथं तिच्याशी बोला म्हणाल्या. मला ते नाटक वाटलं. आमच्या गावच्या जत्रेत पण मी कधी नाटकात उभा राहिलेलो नाही. काय बोललो ते इथं लिहीत नाही. नंतर तिच्या बाजूनं उत्तर द्या म्हणाल्या. मी खूप वेळ गप्प होतो आणि मग माझ्याच तोंडून निघालं, "बीपीची गोळी घेताय का वेळेवर?" त्यावर आम्ही दोघंही हसलो. त्या दिवशी ५० मिनिटांची बैठक सव्वा तास चालली, पैसे जास्त घेतले नाहीत.

तोवर मी साताऱ्याला एसटीनं जात नव्हतो, हे लिहायचं राहिलं. कोरेगावची गाडी माहुलीवरून, कृष्णेचा पूल ओलांडून जाते. ज्या रस्त्यावर आयुष्यभर डबल बेल मारली त्या रस्त्यावर शेजाऱ्याच्या गाडीत मान खाली घालून बसायचो. मॅडमनी हेही टप्प्याटप्प्यानं घेतलं. आधी नुसतं कोरेगाव स्टँडवर दहा मिनिटं बसून यायचं. मग मुलीबरोबर गाडीत बसायचं. मग एकट्यानं. मग माहुलीला उतरायचं. तेराव्या आठवड्यात उतरलो. घाटावर दोन पोरं पोहत होती, एक म्हातारी गोधडी धूत होती. मी पाऊण तास बसलो आणि मग रस्त्यावर येऊन चहा घेतला. साखर जास्त होती.

पैशांचं. एरवी ८०० रुपये, ज्येष्ठांना ६००. माझे ९,६०० झाले, शिवाय एक शनिवार न सांगता चुकवला त्याचे ३०० वेगळे. तो नियम भिंतीवर लिहिलेला आहे, तक्रार नाही. मेडिक्लेममधून एक रुपया मिळाला नाही. दुःखावर गोळी नसते हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, पण झोप आणि भूक दोन्ही गेलेली असल्यामुळं एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. त्यांची फी आणि गोळ्या निराळ्या. गोळ्या पाच महिन्यांनी त्यांनीच बंद केल्या.

रिसेप्शनवरचा मुलगा नाव मोठ्यानं पुकारतो. हे बंद करा. बाहेर बसलेल्यांना कळतं आत कोण चाललंय. मी दोनदा सांगितलं, अजून पुकारतोच.

आठवण यायची थांबली का, असं परवा भावानं विचारलं. नाही थांबली. पण आता तिची भाकरी आठवते, भांडण आठवतं, मुक्कामी गाडी लावून सकाळी घरी यायचो तेव्हा दाराशी ठेवलेली पाण्याची बादली आठवते. आधी फक्त पावणेआठ ते पहाटे एवढंच आठवायचं.

कोरेगावच्या बाजूनं येणार असाल तर स्टँडपर्यंत जाऊ नका, पोवई नाक्याला उतरा. कंडक्टरला आधी सांगून ठेवा, नाहीतर पुढं नेतात. शनिवारी सकाळची पहिली वेळ मागून घ्या, तेव्हा जिन्यात ऊन नसतं.