डेव्हिस चषक: जुना की नवा?

2018 पर्यंत डेव्हिस चषकात, म्हणजे देशादेशांमधल्या पुरुषांच्या टेनिस स्पर्धेत, मुख्य गटातली दोन देशांची लढत तीन दिवस चालायची. शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी दुहेरी, रविवारी प्रतिस्पर्धी बदलून परतीच्या दोन एकेरी, आणि निकाल ठरेपर्यंतचे सामने पाच सेटचे. कोर्ट कुठलं, माती की गवत, हे यजमान ठरवणार. 1966 मध्ये कोलकात्यात ब्राझीलविरुद्ध 2-2 अशी बरोबरी असताना रामनाथन कृष्णन थॉमस कॉखविरुद्ध एक विरुद्ध दोन सेटनी मागे होते, चौथ्यात 2-5. तिथून त्यांनी सामना फिरवला आणि भारत पुढच्या टप्प्यात गेला. तीन सेटच्या सामन्यात ही संधीच मिळाली नसती!

2019 मध्ये अनेक देशांची अंतिम फेरी एकाच शहरात, एका आठवड्यात उरकली; नंतर काही वर्षं ती अनेक शहरांत विभागली गेली. तेव्हापासून अंतिम फेरीतल्या लढतीत दोन एकेरी, एक दुहेरी, सगळं तीन सेटचं. खेळाडूंवरचा ताण कमी झाला, हे मान्यच. पण पहिल्याच वर्षी माद्रिदमध्ये अमेरिका-इटली दुहेरी पहाटे चारनंतर संपली, तेव्हा स्टँड ओस पडले होते.

माझा कौल जुन्यालाच. 2017 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत भारत-न्यूझीलंड लढत झाली. घरच्या प्रेक्षकांसमोर देशासाठी खेळणं हाच या चषकाचा प्राण. सेट हवे तर तीन ठेवा, पण अंतिम फेरीसुद्धा कुणाच्या तरी घरीच व्हावी.