चष्मा आहे आणि ऑफिसर पण व्हायचंय : एनडीए, सीडीएस की सिव्हिल पायलट?

सोलापुरात दहावीचा निकाल लागला की घरोघरी एनडीएच्या, म्हणजे बारावीनंतर तिन्ही दलांत ऑफिसर व्हायच्या परीक्षेच्या, क्लासची चौकशी सुरू होते, फी भरली जाते, पोरगं पहाटे पार्क मैदानावर पळायला लागतं, आणि डोळ्यांची नीट तपासणी मात्र राहून जाते, ती होते थेट एसएसबीचे, म्हणजे ऑफिसर निवडायच्या मुलाखतीचे, पाच दिवस काढून रेकमेंड झाल्यावर, मेडिकल बोर्डासमोर. तिथं अनफिट झालेल्या पोराचा चेहरा बघवत नाही. म्हणून सांगतो, कुठला रस्ता धरायचा हे आधी डोळ्यांवरून ठरवा आणि मग क्लास लावा.

सगळ्यात कडक आहे एअरफोर्सची फ्लाइंग ब्रँच. एका डोळ्याला 6/6 आणि दुसऱ्याला 6/9 बिनचष्म्याचं दिसलं पाहिजे (6/6 म्हणजे नॉर्मल नजर, खालचा आकडा वाढला की नजर कमी), प्लस नंबर +2 पर्यंत चालतो पण मायनस नंबर म्हणजे लांबचं अंधुक दिसणं चालत नाही. आपल्याकडच्या पोरांना बहुतेक करून मायनसच लागलेला असतो, त्यामुळे बारावीनंतर एनडीएतून पायलट व्हायचं स्वप्न असेल आणि चष्मा -1 चा असेल तर ती जागा तुमच्यासाठी नाही, क्लासवाले काही का सांगेनात. लेसिक, म्हणजे नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन, करून घेऊ म्हणाल तर त्याचंही गणित बसत नाही, कारण वयाच्या 20 वर्षांच्या आत केलेलं लेसिक एअरफोर्स मान्य करत नाही आणि एनडीएला वय लागतं साडेसोळा ते साडेएकोणीस. अन् ऑपरेशन लपवायच्या भानगडीत पडू नका, कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) तपासणीत ते दिसतंच.

आता तोच पोरगा आर्मीसाठी धरला तर चित्र एकदम बदलतं. एनडीएच्या आर्मी विंगला बिनचष्म्याचं 6/36 असलं तरी चालतं, चष्मा लावून 6/6 आलं पाहिजे आणि मायनस नंबर -2.5 च्या आत पाहिजे. म्हणजे -1.5 वाला पोरगा फ्लाइंगला सपशेल बाद आणि आर्मीला डोळ्यांच्या बाबतीत आरामात पास. आणि आर्मीत गेल्यावर हेलिकॉप्टरचा रस्ता अगदीच बंद नसतो, आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग आपल्या नाशिकलाच होतं, फक्त त्याचं मेडिकल पुन्हा वेगळं असतं. नेव्हीत रंगांची परीक्षा आर्मीपेक्षा कडक आहे, सीपी-1 (सीपी म्हणजे रंग ओळखायची पातळी, 1 सगळ्यात कडक) लागतं, फ्लाइंगलाही तेच, आर्मीला सीपी-2 पुरतं.

या रंगांच्या परीक्षेबद्दल जरा जास्त सांगतो कारण पुष्कळ पोरांना आपल्याला लाल-हिरव्यात गडबड होते हे माहीतच नसतं. ठिपक्यांच्या गोलातला आकडा ओळखायचं इशिहाराचं पुस्तक कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतं. पण सीपी-1 साठी मार्टिन लँटर्न लागतो, अंधाऱ्या खोलीत लांबवर अगदी बारीक दिवा लागतो आणि तो लाल, हिरवा का पांढरा ते पटकन सांगायचं. हा दोष बहुतेक वेळा आईकडून जन्मतःच येतो, त्यावर औषध नाही, त्यामुळे मामाला किंवा आईच्या वडिलांना रंगांचा प्रॉब्लेम असेल तर सगळ्यात आधी हीच टेस्ट करून घ्या.

मग -1, -2 वाल्यानं फायटर विसरायचं का? माझ्या मते नाही, फक्त गाडी बदलायची. ग्रॅज्युएशन करा, 20 वर्षं पूर्ण झाल्यावर लेसिक करा, त्यानंतर किमान 12 महिने जाऊ द्या, आणि सीडीएस (ग्रॅज्युएट पोरांसाठीची तिन्ही दलांची परीक्षा) किंवा एएफकॅट (एअरफोर्सची स्वतःची परीक्षा) द्या. अट अशी की ऑपरेशनच्या आधीचा नंबर 6 च्या वर नको आणि नंतर कॉर्नियाची जाडी 450 मायक्रॉनच्या खाली गेलेली नको, म्हणून करायच्या आधीच सर्जनला स्पष्ट सांगा की फोर्सेससाठी करतोय. फ्लाइंगला वय 20 ते 24 लागतं, म्हणजे हातात साधारण तीनच वर्षं उरतात, तेवढ्यात बसवायचं. आर्मीला सीडीएसमधून जायचं असेल तर अजून सोपं, तिथं -3.5 च्या आतला नंबर चालतो आणि लेसिकही चालतं.

सिव्हिल पायलटचं सगळंच वेगळं. चष्मा लावून प्रत्येक डोळ्याला 6/9 किंवा त्याहून चांगलं दिसलं की डीजीसीएला, म्हणजे सिव्हिल विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याला, चालतं, एसएसबी नाही, पण सीपीएलच्या (कमर्शियल पायलट लायसन्सच्या) 200 तासांच्या उड्डाणाचा खर्च सहज चाळीस-पन्नास लाखांच्या पुढं जातो. कितीतरी आईबाप शेत विकून नाहीतर लोन काढून फी भरतात आणि मेडिकल नंतर करतात, हे मला फार खटकतं. डीजीसीएचं आधी क्लास 2, लगेच क्लास 1 मेडिकल हातात घ्या आणि मगच पहिला हप्ता भरा, कारण क्लास 1 पुढंही दरवर्षी रिन्यू करावं लागतं.

डोळ्यांइतकंच फ्लाइंगला मापांचंही बघतात, उंची 162.5 सेंटिमीटर, पायाची लांबी 99 ते 120, बसलेली उंची 81.5 ते 96. मुलींना एनडीए 2022 पासून खुली झाली, त्यांनाही फ्लाइंगसाठी कॉकपिट तेवढंच असतं. घरी भिंतीला टेकून टेपनं मोजून बघा, फुकट होतं.

तपासणी कशी करायची तर चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर विसंबू नका. माझ्या भाच्याला जुळे सोलापुरात मशीनवर -0.75 निघाला, घरात नुसती शोककळा, मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्रॉप टाकले, बाहुली मोठी झाल्यावर अंधारात टॉर्चची पट्टी डोळ्यावरून फिरवत एकेक काच धरून बघितली तर नंबर जवळजवळ शून्य, दिवसभर मोबाइल बघून डोळ्याचे स्नायू आखडले होते एवढंच. उलटही होतं, डोळे बारीक करून तक्ता 6/6 वाचणाऱ्याला ड्रॉप टाकल्यावर मायनस निघतो. म्हणून दहावी-अकरावीतच ड्रॉप टाकून नंबर आणि रंगांची टेस्ट, दोन्ही करून घ्या, आणि सहा महिन्यांनी परत, कारण या वयात नंबर वाढतो.

मेडिकल बोर्डात अनफिट आलात तरी लगेच बॅग भरू नका. वजन, कानातला मळ, नाकाचा वाकडा पडदा, हायड्रोसील (अंडकोषात पाणी साठणं) असल्या गोष्टी दुरुस्त होतात, उपचार करून 42 दिवसांत अपील मेडिकल बोर्डापुढं जाता येतं, त्याच्यावर रिव्ह्यू पण असतो. फ्लाइंगचं मेडिकल दिल्ली किंवा बंगळूरला होतं आणि कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरवरून दोन्हीकडं जाते, तेव्हा जायचा प्रश्न नाही, पण हायड्रोसील किंवा नाकाचं ऑपरेशन करायचंच असेल तर ते बारावीच्या आधीच्या सुट्टीत उरकून ठेवा, मेडिकल बोर्डाच्या वेळी जखम ताजी असली की परत टेम्पररी अनफिट मिळतं.