ब्लेंडरमध्ये आठ महिने: अकरा खरी वाद्यं, सहा मनातली

सॅक्सोफोनवर माझे तीन आठवडे गेले. चित्रपटात तो बेस ड्रमच्या आड अर्धा झाकलेला, जेमतेम चार सेकंद दिसतो. आठ महिन्यांचा अनुभव लिहून काढ असं टीममधल्या दोघातिघांनी सुचवलं तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं. तेव्हा पुढचं कौतुक आणि पुढची रड, दोन्ही या हिशेबाने वाचा.

काम असं होतं. वेगवेगळ्या ठिकाणी बसलेल्या हौशी लोकांनी मिळून करायचा एक छोटा ॲनिमेशनपट, आणि त्यात एक बँड. पात्रं एकाकडे, सेट दुसऱ्याकडे, हालचाली तिघांकडे आणि वाद्यं माझ्याकडे. अकरा खरी वाद्यं, आणि सहा अशी की जी कुणी कधी वाजवली नाहीत. ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेल आणि ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर निवडायला फार डोकं लावावं लागलं नाही. २००२ साली ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं झालं तेव्हापासून फुकट आहे, त्यामुळे कुणीही परवान्यापायी अडून बसत नाही. दुरुस्त्या दीर्घकाळ मिळत राहणारी ४.२ ही आवृत्ती आम्ही धरली आणि काम संपेपर्यंत कुणी पुढची घ्यायची नाही असं ठरवलं. पहिल्याच महिन्यात एकाने घेतलीच. नव्यात जतन केलेली फाइल जुन्यात उघडली की काही गोष्टी गळून पडतात, हे मग सगळ्यांना एकदमच कळलं.

सुरुवात ट्रम्पेटपासून केली, कारण तो सोपा वाटला. नळ्या म्हणजे सिलिंडर, असं समजून मी वळणावळणाला सिलिंडर ओढत गेले. संध्याकाळपर्यंत जे तयार झालं ते न्हाणीघरातल्या पाइपांसारखं दिसत होतं. ते सगळं फेकलं आणि दुसऱ्या दिवशी नळीची फक्त मधली रेघ बेझिए कर्व्हने, म्हणजे बिंदूंनी वळवता येणाऱ्या रेघेने, काढली. त्या रेघेला बेव्हलने जाडी दिली, आणि जिथे नळी फुलायला हवी तिथे बिंदूंची त्रिज्या ऑल्ट एसने वाढवत नेली. पितळी वाद्य म्हणजे एक लांब नळी, सोयीसाठी गुंडाळून ठेवलेली. ही गोष्ट मी वाचली होती, पण हाताला कळली ती कर्व्ह ओढताना.

मग खोड सुचली. जिऑमेट्री नोड्समध्ये, म्हणजे ठोकळे जोडून आकार घडवायच्या सोयीत, कर्व्हची लांबी मोजणारा नोड आहे, तो लावून पाहिला. बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी साधारण १.४८ मीटर असते. माझी निघाली १.९ मीटर. दिसायला ट्रम्पेट, पण फुंकला असता तर स्वर चांगलाच खाली गेला असता. प्रेक्षकाला यातलं काही कळणार नव्हतं. तरी मी ती वळणं आवळून १.५ वर आणली, आणि गंमत म्हणजे त्याबरोबर वाद्य दिसायलाही सुधारलं. आधी काहीतरी फोफशं वाटत होतं, ते का ते सापडत नव्हतं.

पुढचा फुलणारा कर्णा मात्र कर्व्हच्या जाडीने नीट येत नाही. तो बराच वेळ अरुंद राहतो आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उघडतो. आपण मात्र हाताने काढताना फनेल काढून बसतो. त्याची अर्धी बाह्यरेषा काढून स्क्रू मॉडिफायरने (मॉडिफायर म्हणजे मूळ आकार तसाच ठेवून त्यावर बसवलेली क्रिया) अक्षाभोवती फिरवली, तेव्हा जमलं. पण कर्णा आणि नळी जिथे जुळतात तिथे दोन्हीकडच्या बिंदूंची संख्या एक नसेल तर चकाकत्या पितळेवर प्रतिबिंब मोडतं. रंगीत प्लास्टिकवर हे दिसलंच नसतं. पितळ चुगलखोर आहे. तेव्हापासून प्रत्येक वाद्य मी रंग देण्याआधी चकचकीत मॅटकॅपखाली, म्हणजे तयार प्रतिबिंबाच्या तात्पुरत्या मुलाम्याखाली, फिरवून बघते. मॅटकॅपमध्ये प्रतिबिंब लाटांसारखं सरकलं तर ठीक, अडखळलं तर परत.

व्हॉल्व्हचं प्रकरण वेगळं. तीन पिस्टन तीन वेगळ्या वस्तू ठेवल्या, प्रत्येकाचा उगमबिंदू अक्षावर, आणि लिमिट लोकेशन कन्स्ट्रेंट लावून ते खालीवर तेवढेच सरकतील अशी सोय केली. मधल्या व्हॉल्व्हची जोडनळी सगळ्यात आखूड असते, कारण तो स्वर अर्धाच पायरी उतरवतो. पहिला एक पूर्ण पायरी उतरवतो, तिसरा दीड. मी तिन्ही सारख्या केल्या होत्या. टीममधल्या ट्रम्पेट वाजवणाऱ्याने स्क्रीनशॉटवर नुसतं प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. व्हॉल्व्हचं पहिलं पेटंट १८१८ सालचं, त्याआधी ट्रम्पेट बिनव्हॉल्व्हचेच असत. सातव्या पात्राच्या हातात मी तसाच एक दिला. दिग्दर्शकाला सांगितलं की त्याचं व्यक्तिमत्त्व जुन्या वळणाचं आहे. खरं कारण मी तोवर दमले होते.

ब्लेंडरवर माझा जीव जडला तो ट्रॉम्बोनमुळे. सरकनळीच्या सात जागा असतात आणि त्या समान अंतरावर नसतात. मला वाटलं होतं की मोजून बसवाव्या लागतील. पण स्वराची प्रत्येक अर्धी पायरी उतरताना नळी १.०५९४६ पट लांब व्हावी लागते, म्हणजे दोनाचं बारावं मूळ. नळी २.७ मीटर धरली आणि सरकनळी दुहेरी असल्यामुळे उत्तर निम्मं केलं, की पहिल्या दोन जागांमधलं अंतर ८ सेंटीमीटर येतं आणि शेवटच्या दोनमधलं १०.७. हे सूत्र एका ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एका आकड्यावरून दुसरी गोष्ट हलवणाऱ्या जोडणीत, घातलं आणि ॲनिमेटरला एकच आकडा दिला: जागा, १ ते ७. तो ३ लिहितो, नळी तिथे जाते. अडीच लिहिलं तर घसरता स्वर. एवढं झाल्यावर मला उगाचच आपण फार हुशार आहोत असं वाटलं, ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी पात्रवाल्याने कळवलं की त्याच्या अस्वलाचा हात पाचव्या जागेपर्यंतच पोचतो. शेवटी अस्वलाने वाकून वाजवायचं ठरलं, आणि तो शॉट सगळ्यांत छान झालाय.

तेच बारावं मूळ गिटारला. तार ६४८ मिलिमीटरची धरली तर पहिला पडदा ३६.४ वर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. तोच ड्रायव्हर, तेच सूत्र, फक्त उलटं. गिटार एका दुपारी उरकली.

ड्रमबद्दल सांगण्यासारखं कमीच. स्नेअर १४ इंची, भोवतीचे दहा स्क्रू एकाच्या प्रती काढणाऱ्या ॲरे मॉडिफायरने, एक एम्प्टी (चित्रात न दिसणारी खूण) ३६ अंशांत फिरवून. फक्त कंट्रोल ए करून स्केल लागू करायला विसरू नका. मी विसरले आणि दहा स्क्रू शंखासारखे मोठे मोठे होत छतापर्यंत गेले. झांजेवरच्या बारीक वर्तुळाकार रेघा मी भूमितीत कोरायला निघाले होते, त्या पोताने, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राने, भागतात. झांज हलवली की तिच्यावरून चमकेचे पंखे फिरतात, ते सायकल्स या ब्लेंडरच्या अंतिम चित्र काढणाऱ्या इंजिनात ॲनिसोट्रॉपीने, म्हणजे एका दिशेने ताणलेल्या चमकेने, येतात. ईव्ही या दुसऱ्या, झटपट इंजिनात आम्हाला ते मिळाले नाहीत, म्हणून तिथे पोतानेच फसवाफसवी केली.

आता सॅक्सोफोन. १८४६ सालचं पेटंट, शंकूसारखी रुंदावत जाणारी नळी, आणि अंगावर वीसहून जास्त चाव्या. प्रत्येक चावीला वाटी, दांडी, खांब आणि तिच्यामागे आणखी एक दांडी. मी प्रत्येक वेगळी घडवायला घेतली. दहाव्या दिवशी शहाणपण आलं: एक वाटी, एक खांब, एक दांडी, बाकी सगळ्या ऑल्ट डीने केलेल्या जोडप्रती, म्हणजे मूळ सुधारली की सगळ्या सुधारतात. नळीला भोकं पाडायला बूलियन (एक आकार दुसऱ्यातून वजा करणं) वापरला तर वक्र पृष्ठभागावर शेडिंगला सुरकुत्या पडतात. दोन दिवस त्यांच्यामागे लागून मग लक्षात आलं की भोकांवर वाट्या बसलेल्या असतात, खाली भोक आहे की नाही हे बघणार कोण. भोकं काढून टाकली. याच काळात टणक वस्तू घडवण्यासाठी एक विकतचं ॲडऑनही घेतलं होतं. नाव घेत नाही, कारण दोष कदाचित माझ्या अपेक्षेचा असेल, पण त्याच्या बटणांनी केलेलं सगळं मला नंतर हाताने निस्तरावं लागलं.

इथे एक तक्रारवजा गोष्ट. मापं बदलली की सगळं मॉडेल मागून आपोआप सुधारेल अशी ज्यांना सवय आहे, त्यांना ब्लेंडर परकं वाटेल. मॉडिफायर जोवर लागू केले नाहीत तोवर मागे जाता येतं, एकदा लागू केले की पूल जाळला. माझ्या पहिल्या तीन वाद्यांचे पूल मी जाळले. त्यानंतर मॉडिफायर लागू करायचं बटण मी विंचवासारखं टाळते.

मनातली सहा वाद्यं मी शेवटी ठेवली होती, मजेची म्हणून. तीच सगळ्यात कठीण निघाली. खऱ्या ट्रम्पेटमध्ये चूक राहिली तरी बघणाऱ्याची आठवण ती भरून काढते. जे वाद्य कुणी पाहिलंच नाही, तिथे आठवणीचा आधार नसतो. ते वाजेल असं डोळ्याला पटावं लागतं. किटलीच्या पोटाचं एक वाद्य केलं होतं: बाजूला घड्यांचा भाता, चोचीला कर्णा, झाकणावर तीन कळा. दिसायला झकास. ॲनिमेटरने विचारलं, भाता दाबला की हवा जाते कुठे? भाता किटलीला नुसता चिकटवलेला होता, आत रस्ताच नव्हता. मग भात्यापासून पोटात नळी घातली, झाकणाला बिजागरी दिली, आणि भाता दाबला की झाकण थडथडतं अशी हालचाल ड्रायव्हरने बांधली. भात्याच्या घड्या ॲरेने केल्या, आणि त्यांची उघडझाप शेप कीने, म्हणजे साठवलेल्या दोन आकारांमध्ये सरकवून. आता ते झाकण हेच त्या पात्राचं हसू झालंय.

सापाच्या मानेची गिटार तर मला पूर्ण उलगडून परत करावी लागली. वेटोळी मान, तिच्यावर तितक्याच वेटोळ्या तारा. त्याच ट्रम्पेटवाल्याचा प्रश्न: ताणलेली तार वाकेल कशी? नाहीच वाकत. चार दिवस मी त्याच्यावर मनात चिडून होते. मग सुचलं की साप वाजवताना सरळ होईल. मणक्यामणक्याला हाड दिलं, विश्रांतीत मान वेटोळी आणि तारा सैल लोंबत्या. वादन सुरू होताना मान ताठ होते, तारा ताणल्या जातात आणि पडदे बरोबर आपापल्या जागी येतात. बारावा पडदा इथेही मध्यावरच आहे. प्रश्न विचारला नसता तर हा शॉट सुचलाच नसता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

छत्रीसारखा उघडणारा कर्णा मात्र मला पटलेला नाही. तो आहे चित्रपटात, पण कापडाच्या कर्ण्यातून आवाज बाहेर येईल असं मला स्वतःलाच वाटत नाही, आणि ते दिसतं.

सगळ्यांनी मिळून काम करताना ब्लेंडरची लिंक करण्याची पद्धत फार कामाची. वाद्य माझ्या फाइलीत राहतं, शॉटच्या फाइलीत त्याचा दुवा असतो, आणि लायब्ररी ओव्हरराइडमुळे ॲनिमेटर ते माझ्या मूळ फाइलीला हात न लावता हलवू शकतो. मी पितळ उजळवलं की पुढच्या वेळी शॉट उघडताना सगळीकडे उजळतं. पण दुवा नावावर चालतो. एका रात्री मी ट्रम्पेटच्या कलेक्शनच्या, म्हणजे त्याच्या भागांच्या गठ्ठ्याच्या, नावातली स्पेलिंगची चूक दुरुस्त केली. सकाळी चौदा शॉटमधून ट्रम्पेट गायब, आणि चौदा पात्रं हवेत बोटं हलवताहेत. चूक परत केली तेव्हा ट्रम्पेट परतले. ती स्पेलिंग अजून तशीच आहे. दुसऱ्यांदा पोतांच्या फाइलींचे पत्ते सापेक्ष ठेवायचे राहिले, तर माझ्याकडे सोनेरी असलेला बँड बाकी सगळ्यांकडे भडक गुलाबी दिसला. पोत सापडला नाही की ब्लेंडर तो रंग दाखवतं. एकाने तो बरा दिसतो असं म्हटलं.

वेगाचं म्हणाल तर एकेक वाद्य लोण्यासारखं फिरतं, पण सतरा एकत्र आणली की माझ्या मशिनला धाप लागते. सबडिव्हिजन (पृष्ठभाग गुळगुळीत करणारी उपविभागणी) सगळीकडे तीनवर ठेवण्याची माझी सवय त्याला कारण. सिम्प्लिफाय ही सोय चालू करून व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे कामाच्या खिडकीत, ती एकवर आणली आणि प्रश्न मिटला. हे मला पाचव्या महिन्यात कळलं. त्याआधीच्या चार महिन्यांबद्दल बोलायला नको.

नव्याने शिकणाऱ्याने वाद्यांपासून सुरुवात करावी का, असं एकीने विचारलं. करावी, पण ड्रमपासून. आणि सॅक्सोफोन पात्राच्या हातात किती सेकंद असणार आहे हे आधी विचारून घ्यावं.

गेल्या आठवड्यात दिग्दर्शकाने नवीन मागणी केली: तिसऱ्या प्रसंगात ट्रम्पेट जिन्यावरून गडगडतो, तर पुढे त्याच्या कर्ण्याला पोचा हवा. पहिल्या महिन्यात मी रडले असते. हा ट्रम्पेट नंतरचा, त्यातला एकही मॉडिफायर लागू केलेला नाही. एक लॅटिस, म्हणजे आतली वस्तू वाकवणारी जाळी, घातली, तिचे चार बिंदू आत ढकलले, ताकद शून्यावरून एकवर नेणारी कीफ्रेम तो आपटतो त्याच फ्रेमवर ठेवली. वीस मिनिटं लागली. आता तो म्हणतोय की पोचा थोडा डावीकडे हवा.