विंडोज ७ वर पैसे भरून घेतलेला पासवर्ड मॅनेजर, सपोर्ट गेल्यानंतरचे आठ महिने

आधीच सांगते, सॉफ्टवेअर (सगळे पासवर्ड एका मास्टर पासवर्डखाली कुलूपबंद ठेवणारं) वाईट नव्हतं. चार वर्षं वापरलं, दर वर्षी तीन-साडेतीन हजार भरले आणि कधी कुरकुर केली नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण उद्या दुसरी कंपनी पण हेच करू शकते.

माझं पुण्यात नारायण पेठेत घरीच डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावून द्यायचं काम आहे. मशीन २०११ चं, विंडोज ७, तेही ३२ बिट. आता लगेच म्हणाल की अहो मग बदला ना. नवा लॅपटॉप आहे का परवडत, तर आहे, पण माझी निम्मी कामं पेजमेकर ७ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली आणि जुन्या नॉन-युनिकोड (आजची सर्वमान्य युनिकोड पद्धत न पाळणाऱ्या) फॉन्टमधली, आणि त्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला मशीनच्या मागे डोंगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं यंत्र लागतं, ज्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर काही केल्या चालत नाही. एका घराण्याच्या कुलवृत्तांताची सहाशे पानं आहेत, दर काही वर्षांनी लोक येतात, आमच्याकडे नातू झाला, तेवढी दोन नावं वाढवा. त्या दोन नावांसाठी सहाशे पानं युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करायची, मग रफार भलत्याच अक्षरावर गेलेत का, जोडाक्षरं फुटलीत का हे तपासत बसायचं, याचे पैसे कोणी देत नाही.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद केला हे मला माहीत होतं, विंडोज ७ वर क्रोम ब्राउझर १०९ व्या व्हर्जनवरच अडकलंय हे पण रोज दिसतच होतं. त्यामुळे पासवर्डवाल्यांनी पण एक दिवस हात वर केले याचा मला राग नाही. जुन्या सिस्टिमला सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, मग पासवर्डची तिजोरी तिथे ठेवायची जबाबदारी ते कशाला घेतील. राग आहे तो कसं केलं त्याचा.

जूनमध्ये रिन्यूअल कापलं गेलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑटो डेबिटच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो आला होता, मी नेहमीचाच म्हणून सोडून दिला, ती चूक माझी. आणि जुलैच्या शेवटी अ‍ॅपमध्ये वरती पिवळी पट्टी, की ही ऑपरेटिंग सिस्टिम आता सपोर्टेड नाही. म्हणजे पैसे घेताना माझी सिस्टिम कोणती हे त्यांना दिसत होतं, कारण अकाउंटमध्ये डिव्हाइसच्या यादीत चक्क विंडोज ७ असं लिहिलेलं असायचं. महिनाभर आधी एक मेल टाकला असता तर मी आनंदाने कॅन्सल केलं असतं.

तरी पट्टी आल्यावर काही दिवस सगळं चालू होतं, म्हणून मी पण दुर्लक्ष केलं, दिवाळी अंकाच्या जाहिरातींची गडबड सुरू झाली होती. मग एका गुरुवारी लाईट गेली (पेठेतल्या लोकांना गुरुवारचं वेगळं सांगायला नको), यूपीएसची बॅटरी मेलेली, मशीन धाडकन बंद. परत चालू केलं तर अ‍ॅपने नव्याने लॉगिन मागितलं आणि लॉगिन काही होईना, म्हणे व्हर्जन जुनं आहे, नवीन घ्या, आणि नवीन टाकायला गेलं की विंडोज १० पाहिजे. म्हणजे मास्टर पासवर्ड बरोबर, पैसे भरलेले, डेटा त्याच डिस्कवर पडलेला, आणि मी बाहेर.

फोनवरचं अ‍ॅप चालू होतं म्हणून वाचले. पण फोनमध्ये बघून वीस अक्षरी पासवर्ड पीसीवर हाताने टाइप करणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. शून्य की ओ, एक की एल, तीनदा चुकलं की अकाउंट लॉक. दीड महिना असं काढलं. सासूबाई मजा बघत होत्या, त्यांचे सगळे पासवर्ड एका वहीत आहेत आणि त्या वहीला विंडोज १० लागत नाही.

डेटा बाहेर काढायला गेले तर फोनच्या अ‍ॅपमध्ये एक्सपोर्ट नाही. वेबवर आहे म्हणे, पण माझ्या क्रोम १०९ मध्ये ते पान पांढरं फटक. सपोर्टला मेल केला, दोन दिवसांनी उत्तर, कृपया तुमची सिस्टिम अपग्रेड करा. मी परत लिहिलं की डोंगल आहे वगैरे, परत तेच उत्तर, वर या मेलला किती स्टार द्याल.

शेवटी रविवारी भाचा वाकडहून लॅपटॉप घेऊन आला. पहिलं वाक्य, "मावशी, तू ते मशीन म्युझियमला दे." मग बसला. त्याच्या लॅपटॉपवर वेबमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाईल) निघाली, २१४ नोंदी. आणि इथे सगळ्यात जास्त घोळ झाला म्हणून नीट सांगते. मी आपली सवयीने ती फाईल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली, तर मराठी नोट्सच्या जागी सगळे टोपी घातलेले इंग्रजी ए आणि गिचमिड. माझं निम्मं आयुष्य फॉन्टच्या गिचमिडीत गेलंय त्यामुळे घाबरले नाही, मराठी अक्षरं साठवायची यूटीएफ-८ ही पद्धत (एन्कोडिंग) एक्सेलने ओळखलेली नव्हती एवढंच. पण आकड्यांचं लक्षातच आलं नाही. लाईट बिलाचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो, एक्सेलने तो १.७ ई प्लस ११ असा करून टाकला, आणि बँकेच्या खात्यांच्या सुरुवातीची शून्यं गायब. तशीच सेव्ह केली असती तर आकडे कायमचे गेले असते. भाच्याने हात धरला म्हणून. फाईल नुसती बघायची असेल तर नोटपॅडमध्ये बघा, किंवा लिब्रे ऑफिसमध्ये, ते उघडतानाच कॅरेक्टर सेट विचारतं, आणि तिथे कॉलमचा टाइप टेक्स्ट करायचा.

अजून एक, सीएसव्हीला काही कुलूप नसतं, सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले. आम्ही ती डेस्कटॉपवर ठेवली आणि भाच्याचा डेस्कटॉप आपोआप क्लाउडवर बॅकअप होतो हे संध्याकाळी लक्षात आलं. तिथून उडवली, तिथल्या रिसायकल बिनमधून उडवली आणि तरी बँक, मेल आणि जीएसटीचे पासवर्ड बदलले. अटॅचमेंट सीएसव्हीत येतच नाहीत, डोंगलची पावती, पासपोर्टचा स्कॅन असं सगळं एकेक करून डाउनलोड केलं.

आता कीपास नावाचा पासवर्ड मॅनेजर वापरते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००३ पासून चालू आहे आणि माझ्या विंडोज ७ वर मुकाट्याने चालतं. दिसायला तेवढंच जुनं, पहिल्या दिवशी मला टॅलीची आठवण झाली. सीएसव्ही आत घेताना कुठला कॉलम कशाचा आणि एन्कोडिंग कुठलं हे विचारतं, यूटीएफ-८ दिल्यावर मराठी नोट्स जशाच्या तशा आल्या. सगळं एका केडीबीएक्स फाईलमध्ये, कुलूपबंद, आणि ती फाईल उघडणारी दुसरी पण अ‍ॅप आहेत. फोनवर मी कीपासडीएक्स घेतलंय, त्यात तीच फाईल उघडते. मला खरं समाधान ह्याचं आहे. उद्या हे अ‍ॅप बंद पडलं तरी फाईल माझ्या पेन ड्राइव्हवर आहे.

ब्राउझरचं एक्सटेन्शन लागत नाही, कंट्रोल ऑल्ट ए दाबलं की खिडकीचं नाव ओळखून पासवर्ड स्वतःच टाइप करतं. फक्त मराठी टायपिंग चालू राहिलं असेल तर पासवर्ड मराठीत उमटतो! दोनदा झालं, आता आधी इंग्रजी करायची सवय लागली.

त्रास पण आहेत. सिंक, म्हणजे पीसी आणि फोनवरची फाईल सारखी ठेवणं, आपलं आपण करायचं. मी पीसीवरची फाईल केबलने फोनमध्ये कॉपी करायचे, आणि नोव्हेंबरमध्ये फोनवर नवीन टाकलेले तीन पासवर्ड जुनी फाईल वर पडल्याने गेले. फाईल मेनूमध्ये सिंक्रोनाइझ आहे, ते दोन्ही फायली एकत्र करतं, हे मला नंतर कळलं. मास्टर पासवर्ड विसरलात तर मेल करायला कोणी नाही, म्हणून तो कागदावर लिहून बंद पाकिटात, कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली. कमी सोय चालणार असेल त्यांनीच या वाटेला जावं. घरात सगळ्यांकडे नवे लॅपटॉप असतील तर पैसे भरून घेतलेलं जास्त सुटसुटीत आहे, हे मी अजूनही म्हणेन, फक्त घेण्याआधी आपल्या मशीनवर एक्सपोर्ट करून बघा.

आणि भाच्याचं एक ऐकलं, विंडोज ७ वरून बँक पूर्ण बंद. ती फोनवरच. त्या मशीनला इंटरनेट फक्त प्रेसला फाईल पाठवायची असेल तेव्हा, आणि त्यासाठी फायरफॉक्स ब्राउझरचं ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन), जे त्यांनी विंडोज ७ साठी मुदत वाढवत वाढवत चालू ठेवलं.

राहिलं पैशाचं. ऑटो डेबिटचा मँडेट (दर वेळी पैसे कापायची दिलेली परवानगी) बँकेच्या अ‍ॅपमधून रद्द केला. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागितले, चार मेल झाले, पाचव्याला त्यांनी मोठ्या मनाने अकाउंटला क्रेडिट दिलं. ते फक्त पुढच्या रिन्यूअलला वापरता येतं.